कागदाचं पान लहान पडलं

प्रिय आई,

आम्ही सगळे मजेत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

थँक्सगिव्हिंगसाठी टेसने भिंतीवर कागदी झाड चिकटवलं. ज्यांचे आभार मानायचे, त्यांची नावं प्रत्येकाने पानावर लिहायची. सासूबाईंनी लिहिलं: मुलगा, नात आणि कुत्रा.

"आजी, आईचं नाव?" टेसने विचारलं.

"पान लहान आहे गं."

इतकी वर्षं राबतेय मी, आणि कुत्रा माझ्या आधी! मी भांडी घासत राहिले. टेसने मात्र ताटाएवढं पान कापून त्यांच्यापुढे ठेवलं. "यात मावेल."

बराच वेळ पेन चावून त्यांनी लिहिलं, "कॉरिनचा टर्कीवरचा रस्सा."

तो रस्सा तर तूच शिकवलास, आई. तेव्हा हे आभारही तुझेच, पाठवून देते.

तुझी वैतागलेली,
कॉरिन