मारुतीच्या पंगतीची कढी

चि. सौ. सिंधू,

नदीवरून आलीस की मुलांना घरीच ठेव. आज देवळातली कढी त्यांना खाऊ देऊ नकोस. शिंक्यात भाकर आहे, ती दे.

दिवाळीच्या सुट्टीत मारुतीच्या पंगतीला कढी आपल्या घरची असते. यंदा ताक रात्रभर मोठ्या पितळी गंजात राहिले, आणि त्या गंजाची कल्हई उडालेली आहे. सकाळी कडेला हिरवट दिसले, तेव्हा मी माझ्या पोराला, बबनला, हळूच सांगितले. तो हसला. "बाबा, तुमच्या पुस्तकात तं पाणीबी जहर असते!" म्हणाला आणि गंज बैलबंडीत घालून घेऊन गेला.

आता त्याच गंजातले मागे उरलेले ताक चाखले. ते पितळेने कळकले आहे. मला मळमळते आहे. ते भीतीनेही असेल, माझा माझ्यावर भरवसा नाही. पण पहिल्या पंगतीला गावातली लेकरे बसतात.

मी देवळात जातो. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही आणि भरलेला गंज मला उलटवता येणार नाही. म्हणून चुलीतली मूठभर राख कढीत टाकणार आहे. बबन सगळ्यांसमोर ओरडेल. मुलांना घरी शेजारणीजवळ ठेवून तू लवकर ये आणि माझ्याजवळ उभी राहा.

मामाजी