खिशात राहिलेली क्लिप

६ जानेवारी, मंगळवार

खोटं बोलले आज. तेरा अंश होतं, सोळा सांगितलं.

धाकट्या बहिणीने बोलावलं होतं — आईची खोली फार गारठते, तू पडद्यांच्या दुकानात आहेस ना, येऊन बघ तरी एकदा. गेले. दुकानातला छोटा तापमापक पर्समध्येच असतो. तो आईच्या उशाशी ठेवला आणि चहा होईपर्यंत गप्पा मारत बसले. आई पलंगावर. अंगात दोन स्वेटर, पायात मोजे, मांडीवर धाकटीची चिमी. चिमी चौदा महिन्यांची, हाताला लागेल ते तोंडात. आजीच्या स्वेटरचं बटण चोखत होती. आई म्हणते, "खा गं खा, तेवढंच माझं ओझं कमी!"

खिडकी बघितली. जवळजवळ भिंतभर काच, तीही एकेरी. पडदा म्हणून जुनी चादर टांगलेली. चौकटीच्या फटीपाशी हात नेला तर वारा चक्क चावला बोटांना.

"किती आहे गं?" धाकटीने विचारलं. तापमापक उचलला. तेरा. आणि तोंडातून गेलं — "सोळा. अगदीच वाईट नाही."

तेरा म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग थंडी सरेपर्यंत तरी ने तिला तुझ्याकडे. म्हणून!

तीन वर्षं झाली आई तिच्याकडे आहे. तिचा नवरा बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा तोंड दाखवतो. घर, मूल, आई, सगळं ती एकटी बघते. माझ्याकडे दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत कापडांचे नमुने.

८ जानेवारी

दिवसभर आईच्या खिडकीसाठी शेड, म्हणजे वर-खाली होणारा पडदा, निवडली. गिऱ्हाइकासाठी एवढा वेळ कधी घातला नसेल. मालक येऊन बघून गेले. "कोणाचं माप आहे? एवढा खल कसला?" म्हटलं, आईचं. ते हळहळले, "आईचं करणारी मुलगी आजकाल—" वगैरे. मी खाली मान घालून टेप गुंडाळत राहिले.

साधी गुंडाळी शेड नको. ती ऊन अडवते, थंडी नाही. अस्तर लावलेली घडीची चांगली, पण ओल्या गोधडीसारखी जड, आईच्या खांद्यांना ती वर ओढवणार नाही. शेवटी मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांची ठरवली, दुहेरी कप्प्यांची. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगते — ऊब कापडाची नसते हो, कापडात अडकलेल्या हवेची असते. शिवाय दोन्ही बाजूंना चौकटीत पट्ट्या, म्हणजे कडेने वारा शिरायला नको. सकाळी ऊन आलं की वर करायची, ऊन उतरलं की खाली. हीटर अर्धा दिवस तरी बंद राहील. रंग फिका पिवळा. आईला आवडतो.

बिनदोरीची घ्यायची की चेन ओढून वर-खाली करायची? घरात लहान मूल असेल तर बिनदोरीची द्यावी, हे मीच सगळ्यांना सांगते. पण तिला तीन आठवडे लागतात, आणि खालची पट्टी हाताने वर ढकलावी लागते. आईचा हात खांद्याच्या वर जात नाही. चेनची आठवड्यात मिळते. चेन भिंतीला क्लिपमध्ये ताणून बसवली की धोका नाही. चेनचीच सांगितली.

कारणं सगळी खरी आहेत. पण तीन आठवडे थांबले असते तर धाकटीने मधे पुन्हा विषय काढला असता, हेही खरंच. शेड लवकर लागली की तो विषय मिटेल असं वाटलं.

१३ जानेवारी

शेड आली. शनिवारी बसवायची.

१७ जानेवारी, शनिवार

लाज वाटते लिहायला.

मिस्त्रींना घेऊन सकाळीच गेले. आमच्या दुकानाची सगळी बसवणी तेच करतात, हात सोन्यासारखा. शेड तासाभरात लागली. खाली ओढली आणि — आईने मान वर केली. "अगं, खोली गप्प झाली!" खरंच. फटीतून शीळ घालणारा वारा थांबला होता. आम्हाला ती शीळ रोज ऐकून ऐकून कळेनाशी झाली होती. 'आम्हाला' कसलं! मी कुठे रोज होते तिथे?

क्लिप मात्र राहिली. तिथे भिंतीत लोखंड लागलं, ड्रिलचा बिट मोडला. मिस्त्री म्हणाले, सोमवारी दुसरा बिट घेऊन येतो. ते गेले.

दुपारी खोलीत सतरा. खरे सतरा! मी खुशीत. वाटलं, सुटले.

तेवढ्यात धाकटी चहाचा कप पुढे करत म्हणाली, "ताई, शेड छान झाली. पण दोन महिने तरी आईला ने ना. मी थकलेय गं."

माझे तीन जिने, माझं दुकान, दिवसभर तिच्याजवळ कोण — नेहमीची टेप वाजवली. ती ऐकून घेत होती, मग एकदम म्हणाली, "म्हणजे पडदा लावलास की झालं? हात झटकले?"

आणि मी म्हणाले — लिहितेच आता — "तुला चिमीसाठी फुकटची दाई हवी होती म्हणून ठेवून घेतलंस ना आईला? मग आता सांभाळ!"

धाकटी पांढरीफटक पडली. आतून आईचं चिमीशी चाललेलं बोलणं मधेच थांबलं. दार उघडंच होतं.

कोट उचलला आणि निघाले. आईला 'येते' सुद्धा म्हटलं नाही.

१८ जानेवारी

कोटाच्या खिशात क्लिप सापडली. मिस्त्रींनी सांभाळायला माझ्याकडे दिली होती, दोन स्क्रूसकट, पुडीत.

म्हणजे तिथे चेन मोकळी लोंबतेय. खालपर्यंत, गोल फास. चिमी धरून धरून उभी राहायला लागलीय. पलंगाची कड, खुर्ची, आजीचा पदर, जे लोंबेल ते धरते.

धाकटीला एक फोन करायचा — चेन वर बांधून ठेव. दहा सेकंदांचं काम.

उद्या करते.

१९ जानेवारी, सोमवार

मिस्त्री येणार नाहीत. परगावी मोठं काम निघालं, शुक्रवारपर्यंत तिकडेच. फोनवर म्हणाले, "मॅडम, ती चेन वर बांधायला सांगा बरं का, घरात बाळ आहे." म्हटलं, हो हो, सांगते.

तीनदा फोन हातात घेतला, तीनदा ठेवला. चेनबद्दल बोलायचं तर आधी शनिवारबद्दल बोलायला हवं. सरळ 'चेन बांध' म्हटलं तर तिला वाटेल, बघा, माफी नाही मागितली, हुकूम सोडतेय. आणि माफी मागायची तर ती म्हणणार, मग ने आईला. कुठूनही सुरुवात केली तरी तिथेच येऊन ठेपते.

तिला दिसलीच असेल चेन. आंधळी आहे का ती? आई तर तिथेच बसलेली असते.

२० जानेवारी

आजही नाही केला.

२१ जानेवारी

नाही. फोनकडे बघणंसुद्धा टाळलं. मी इतकी वाईट आहे?

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी दुकानात एक बाई आल्या, कडेवर बाळ. चेनची शेड बघत होत्या. मी सवयीने सुरू झाले — "घरात लहान मूल असेल तर चेन कधी मोकळी सोडायची नाही, गळ्यात अडकली तर मिनिटभरसुद्धा लागत नाही..." आणि वाक्य अर्धंच टाकून त्यांच्या बाळाकडे बघत राहिले. त्या बाई विचारताहेत, बरं वाटत नाही का? मालकांना म्हटलं, मला जायलाच हवं. बस पकडली.

धाकटीच्या दाराला कुलूप.

शेजारीण बाहेर आली. "सकाळीच दवाखान्यात नेलं हो! फार धावपळ झाली." कोणाला नेलं? तिला माहीत नाही, तिने नुसती रिक्षा बघितली होती. मी जिना कसा उतरले आठवत नाही. रस्त्यात मनात एकच — मी चौदा महिन्यांच्या पोरीला मारलं. मी मारलं. एका फोनसाठी.

दवाखान्याच्या दारातच चिमी दिसली. धाकटीच्या खांद्यावर, बिस्कीट चघळत. मला बघून हसली. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

पडली होती आई.

उजवं मनगट मोडलंय. कमरेला मुका मार, पण हाड शाबूत. प्लॅस्टर घालत होते. आईने मला बघितलं आणि आधी काय म्हणाली तर, "तू जेवलीस का?" मग सगळं सांगितलं. चिमीने चेन गळ्यात घालून घेतली होती, माळ म्हणून, आणि हसत होती. आईने सोडवली. धाकटी आंघोळीला गेलेली. पुन्हा करील पोर, म्हणून आई स्टुलावर चढली, चेन वर खिळ्याला बांधायला. ज्या बाईचा हात खांद्याच्या वर जात नाही ती!

"बांधली मात्र पक्की," म्हणाली. "मग पडले."

बाहेर बाकावर धाकटी रडायला लागली. "माझीच चूक गं ताई. मी लक्ष द्यायला हवं होतं." माझा हात धरून रडत होती. शनिवारचं माझं बोलणं सगळं विसरल्यासारखी.

मी काय म्हणाले? "असू दे. रडू नको."

क्लिप तेव्हाही कोटाच्या खिशातच होती. आणि मी तिला रडू दिलं.

२३ जानेवारी

दुसऱ्या खोलीतले नमुने काढले. चौदा गठ्ठे. मालकांना फोन करून सांगितलं, हे सगळं दुकानात नेऊन ठेवते, आणि दुपारी दोन तास घरी जाईन. ते एका दमात 'बरं' म्हणाले! तीन वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं कधी.

२५ जानेवारी, रविवार

सांगितलं धाकटीला.

आई झोपली होती. चिमी जमिनीवर डबे वाजवत होती. मी पुडी काढून टेबलावर ठेवली. "ही क्लिप. ती लावायची राहिली, हे मला ठाऊक होतं. धोका काय आहे तेही ठाऊक होतं. तुझ्याशी बोलायला नको म्हणून पाच दिवस फोन केला नाही. आई त्याच्यामुळे पडली."

वाटलं, आता चहाचा कप फेकून मारील. मारायलाच हवा होता! ती पुडीकडे बघत राहिली. मग तोंड फिरवलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "जाऊ दे ना ताई."

नुसतं जाऊ दे? मी म्हटलं, बोल मला, शिव्या दे. तर उठून आत गेली, डब्यांची झाकणं शोधायला. इतकं मोठं मन! माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि मी—

मग म्हटलं, आईला मी नेते. दोन महिने नाही, राहील तितके दिवस. तिने मान हलवली फक्त.

२८ जानेवारी

आई आली.

तीन जिने! प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवली होती. पहिल्या वळणावर बसली, पाणी प्यायली. दुसऱ्यावर बसून तळमजल्याच्या आजोबांची चौकशी केली. पंचवीस मिनिटांत वर. मी घड्याळ बघितलं — पंचवीस मिनिटं. एवढ्यासाठी मी तीन वर्षं 'माझे जिने, माझे जिने' करत होते.

खोलीत येऊन आधी खिडकीपाशी गेली. "इथे काही लावू नकोस," म्हणाली. "समोरची बाई कपडे वाळत घालते, बघायला बरं वाटतं." म्हटलं, थंडी येईल. "तू आहेस ना हीटर लावायला!"

तिला एका हाताने जेवायला जमत नाही. भरवायला बसले तर लाजली. मग म्हणाली, "तू लहानपणी घास गालात धरून बसायचीस. आता मी धरते बघ." आणि धरलाच!

हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. तरी ते प्लॅस्टर समोर दिसलं की घास कडू होतो. तिला अजून सांगितलेलं नाही.

३० जानेवारी

आईला सांगितलं. ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मनापासून, चांगला जोरात. "हा चिमीसाठी," म्हणाली. 'माझ्या हातासाठी', असं नाही म्हणाली.

पाठ अजून चुरचुरतेय. बरं वाटतंय.

१ फेब्रुवारी, रविवार

धाकटी आईचे उरलेले कपडे घेऊन आली. चिमीला वर आईकडे सोडलं आणि मला म्हणाली, जरा खाली चल. दुसऱ्या वळणावरच्या खुर्चीपाशी थांबली. बसली नाही.

"ताई, मिस्त्रींनी मला सोमवारीच फोन केला होता. चेन वर बांधा म्हणून. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं — तिने आणलीय, तिला येऊ दे बांधायला. मुद्दाम सोडली लोंबत. रोज बघत होते. वाटायचं, आता येईल, आता येईल."

मी पायरीवर बसले. तीही बसली. वरून आईची हाक आली, आधी तिला, मग मला. दोघींपैकी कोणीच 'ओ' दिली नाही.