चौकातला फ्लेक्स

वारजे, पुणे
२८ जानेवारी २०२५

ती. मथुराआक्कास,
जयसिंगचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाला आता फोनवरचं काही ऐकू येत नाही, म्हणून दाजींच्या टेम्पोवाल्या बद्रीनाथकडे हे पत्र देतोय. मार्केट यार्डात फ्लॉवर उतरवून तो रिकामे क्रेट घेऊन परत निघाला, की तुला मिळेल.

मी ज्याचा चिटणीस आहे तो वारजे परिसर निधी तुला ठाऊक आहेच. पूर्वी जो दारात येईल त्याच्या हातावर आपण काहीतरी ठेवायचो, आणि जो येत नाही त्याला काहीच मिळायचं नाही. आता फ्लॅटवाले, दुकानदार, आपल्या गाववाल्यांची घरं, सगळे एकाच ठिकाणी देतात. किराणा दुकानांतून डबेही ठेवलेत. इथल्याच माणसांचं मंडळ बसून आपल्या भागाला काय हवंय ते ठरवतं. यंदा कालव्याकडच्या वस्तीतल्या रुपालीच्या पाळणाघराला मदत केली. तिथल्या बाया सकाळीच कामाला जातात, त्यांची लेकरं ती सांभाळते.

सव्वीस जानेवारीला कार्यक्रम झाला. रुपालीला शाल-नारळ दिला, मुलांना स्टेजवर बोलावून खाऊ दिला. बिल्डर रविराज आपल्या मंडळात आहेत. ते म्हणाले, लोकांना दिसलं नाही तर लोक देत नाहीत. म्हणून चौकात मोठा फ्लेक्स लावला. डावीकडे मुलांचे फोटो, उजवीकडे हात जोडलेला मी, आणि मधे ‘निराधार बालकांना वारजेकरांचा आधार’. शब्द मीच सुचवले. एवढं मोठं स्वतःचं तोंड बघून संकोच वाटला खरा, पण खोटं कशाला सांगू, भैरोबाला जाताना दोनदा त्याच रस्त्याने गेलो.

तब्येतीला जप. माया आहे तशीच ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
जयसिंग

*

४ फेब्रुवारी

चि. जयसिंगास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. फ्लेक्सचा फोटो नातवानं मोबाइलवर मोठा करून दाखवला. तुझे दाजी म्हणाले, मेहुणा नगरसेवकाला उभा राहतोय आणि आपल्याला पत्ता नाही. मिशीला कलप लावलायस तो जरा जास्तच काळा झालाय. बायकोला विचार, तिनं बघितलं नाही का.

चांगलं काम करतोयस, आईला बरं वाटलं असतं. दोन गोष्टी मात्र मला कळल्या नाहीत. ती लेकरं गुटगुटीत आहेत, तेल लावून भांग पाडलेले आहेत. निराधार लेकरांचा भांग इतका सरळ कोण पाडतं? आणि तू हात जोडलेस ते कुणाला? लेकरं तुझ्या शेजारी आहेत, आणि तू बघतोयस रस्त्याकडं.

म्हातारीच्या शंका आहेत, मनावर घेऊ नकोस. बद्रीनाथबरोबर मेथी पाठवली आहे, निवडूनच दिली आहे. लहान आहेस म्हणून आशीर्वाद, आणि माझा आहेस म्हणून लोभ.

तुझी,
आक्का

*

१२ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शंका मनावर घ्यायच्या आधीच त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

रुपाली आली होती. पाळणाघर ओस पडलंय. आयांनी एकेक करून मुलं काढून घेतली. मी विचारलं, का गं, काही भांडण झालं का? ती म्हणाली, भांडण कशाला होतंय काका, तुम्ही चौकात आमची वरातच काढलीत. कार्यक्रमाला या म्हणालात म्हणून मुलांना नवे कपडे घालून आणलं, आणि फोटो काढून घरी गेल्यावर कळलं की आपण अनाथ झालो.

त्या फोटोत साईनाथ नावाचा चार वर्षांचा मुलगा आहे, तुला सरळ भांगाचा दिसला तो तोच असावा. त्याची आई आम्रपाली नांदेडकडची. हिंजवडीला एका कंपनीत साफसफाईच्या कामावर आहे, सकाळच्या बसनं जाते. नवरा रिक्षा चालवतो. त्यांची मोठी मुलगी उत्कर्षा चौथीत आहे. तिला शाळेत पोरं निराधार म्हणून हाका मारू लागली. आता आम्रपालीनं साईनाथला पाळणाघरातून काढलाय, आणि त्याला सांभाळायला उत्कर्षा घरी बसलीय. आक्का, माझ्या एका शब्दापायी त्या पोरीची शाळा बंद झाली.

मी रुपालीला म्हटलं, कार्यक्रम घेतो, सगळ्यांसमोर माफी मागतो, सगळ्या आयांना साड्या देतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, चालेल की, फक्त त्याचा फ्लेक्स कुठं लावायचा तेवढं आधी ठरवा.

मग रविवारी मी एकटाच आम्रपालीच्या घरी गेलो. ती उंबऱ्यातच उभी राहिली. या म्हणाली नाही. माझ्या पाठीमागं वाकून बघितलं आणि विचारलं, फोटोवाला मागून येतोय का? मी एकटाच आलोय म्हटलं. मग ती बोलत गेली. म्हणाली, आम्ही दोघं कमावतो, रुपालीताईची फी वेळेवर देतो. तुमच्या निधीनं पाळणाघराला पंखे दिले, खेळणी दिली, चांगलं केलं, पण त्यात आम्ही निराधार कुठून झालो? तिच्या सासूला गावाकडं कुणीतरी तो फोटो मोबाइलवर दाखवला. म्हातारीनं रडत फोन केला, की माझ्या लेकाला काय झालं ते मला का सांगितलं नाहीत. बाप मेल्याशिवाय लेकरं बोर्डावर निराधार कशी लागतील, असं तिला वाटलं. लेकाचा आवाज ऐकूनही तिला खरं वाटेना, तिला तोंड दाखवायला तो रात्रीची गाडी पकडून गावी जाऊन आला.

मी निघालो तर तिनं मागून हाक मारली. म्हणाली, साहेब, तुमचा डबा आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानातही आहे. बसमधून उतरलं की आम्ही बाया त्यात टाकतो. मागच्या दिवाळीपासून टाकतोय. तुम्हाला काय वाटलं, त्यात सगळं बंगलेवालेच टाकतात?

तो डबा दर महिन्याला मीच उघडतो, आक्का. चिल्लर आणि चुरगळलेल्या नोटा बघून मी मंडळात म्हणायचो, दुकानात येणारी गिऱ्हाइकं उरलेली मोड टाकत असतील. ज्यांनी दिलं त्यांनाच मी घेणारे म्हणून चौकात टांगलं.

आज भैरोबाच्या पाया पडलो, पण वर बघवलं नाही. काय करू ते सांग. माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तसंही लिही.

तुझा,
जयसिंग

*

२० फेब्रुवारी

चि. जयसिंगास,
अ. उ. आ.

माया कमी होत नसते रे, ती काय टाकीतलं पाणी आहे? पण राग आलाय. साड्या द्यायला निघाला होतास ते वाचून जास्त आला.

तुला आपली जत्रा आठवते का? वारजे तेव्हा गाव होतं. घरोघरच्या भाकरी फडक्यात बांधून देवळात जायच्या, तिथं आमटी शिजायची. एका मोठ्या पासोडीखाली सगळ्यांच्या भाकरी सरकवायच्या आणि वरून झाकायच्या. कुणी वीस आणल्या, कुणी दोन, कुणी नुसतंच फडकं घेऊन आलं आणि रिकामा हात पासोडीखाली घालून बाहेर काढला. सगळ्यांचे हात सारखेच दिसायचे. मग सगळे एका पंगतीत बसायचे. आई म्हणायची, भाकरी कुणाची ते कळलं की तो प्रसाद राहत नाही, नुसती भाकरी राहते.

तू सहा-सात वर्षांचा असशील. आई भाकरी भाजत होती आणि तू प्रत्येक गरम भाकरीवर अंगठा दाबून खूण करत होतास. आपलं आपल्याला ओळखू यावं म्हणून. पंगतीत खूण केलेली भाकरी सुताराच्या म्हातारीच्या पानात आली आणि तू ओरडलास, ती आमची आहे! म्हातारीनं घास खाली ठेवला. भाकरी पानाच्या कडेला सारली आणि उठून गेली. परत कधी ती जत्रेच्या पंगतीला बसली नाही. आईनं तुला मारलं नाही. ती त्या पानावर जाऊन बसली, ती भाकरी तिनं स्वतः खाल्ली, आणि पुढं भाकरी भाजताना तुला चुलीजवळ येऊ दिलं नाही. लहान होतास, तुला आठवणार नाही. मला आठवतं.

जयसिंग, तो अंगठा अजून तुझ्या हाताला आहे.

माफी मागायला पुन्हा जाऊ नकोस. माफी मिळाली की तुला बरं वाटेल, त्या पोरीला काय मिळेल? तो फ्लेक्स उतरव. मग त्या बाईला जाऊन विचार, की मी काय करू म्हणजे पोरगी शाळेत जाईल. ती सांगेल तेवढंच कर. आपल्या मनाचं त्यात काही घालू नकोस.

रागावले तरी तुझीच आहे, हे ध्यानात असू दे.

आक्का

*

९ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र देवघरात ठेवलंय. रोज वाचत नाही, धीर होत नाही.

फ्लेक्स उतरवला. पहाटे कुणी नसताना उतरवावा असा विचार होता. तुझी भावजय म्हणाली, लावताना ताशा वाजवला होता, उतरवताना अंधार कशाला हवा? म्हणून बाजाराच्या वेळी शिडी लावून मीच चढलो. खाली माणसं जमली. पानवाला म्हणाला, काय काका, निकाल लागला का? डिपॉझिट तरी वाचलं ना? मी दोऱ्या सोडत राहिलो. फ्लेक्स अंगावर कोसळला तेव्हा माझंच तोंड माझ्या तोंडावर आलं.

मग आम्रपालीला विचारलं. या खेपेस तिनं स्टूल दिलं. ती म्हणाली, कुणाला काय द्यायचं हे जिथं ठरतं तिथं मला बसायचंय. आमच्याबद्दल काय लिहितात, कुणाचा फोटो काढतात, ते मला आधी कळलं पाहिजे. बाकी मला तुमच्याकडून काही नको.

मंडळाच्या बैठकीत मी हे मांडलं. रविराज हसले. म्हणाले, जयसिंगराव, घेणाराच द्यायला बसला तर कसं चालायचं? मी एरवी त्यांच्यासमोर बोलत नाही. त्या दिवशी डब्याची गोष्ट सांगितली. ती मोड कुणाची होती ते सांगितलं. त्या बाया आपल्याआधी देणाऱ्या आहेत, आणि हे मला चिटणीस असून ठाऊक नव्हतं, असंही सांगितलं. मग ठराव झाला, की यापुढं फोटो नाही, सत्कार नाही, कुणाच्या नावाची पाटी नाही. आणि आम्रपाली मंडळात.

रविराज पाळणाघराचे पत्रे काढून पक्का स्लॅब टाकून देणार होते, बाहेर वडिलांच्या नावाची पाटी लावायची होती. ते म्हणाले, पाटी नाही तर स्लॅब नाही. बॅग उचलून गेले. त्यांना वाईट म्हणवत नाही मला. माझाही चेहरा त्याच फ्लेक्सवर होता.

साईनाथ पाळणाघरात परतला की नाही ते अजून ठाऊक नाही. विचारायला जायचा धीर नाही, आणि तू जाऊ नको म्हणालीस त्याचा आडोसा बरा वाटतोय.

दाजींना नमस्कार. चुकलेल्यावरही लोभ करतात, तसा करावा.

तुझा,
जयसिंग

*

२९ मार्च

चि. जयसिंगास,
अ. उ. आ.

इकडं अवकाळी बरसला. काढून ठेवलेला कांदा भिजला, दाजी कालपासून कुणाशी बोलत नाहीत. तिकडं पाऊस झाला का? त्या पाळणाघरावर पत्रेच राहिले ना रे? मंडळात शहाणपणा दाखवलास, पण लेकरांच्या डोक्यावर काय आहे तेही बघ. आणि आडोसा सोड. जाऊन ये.

नव्या वर्षाचा गूळ-कडुनिंब आठवणीनं खा. आशीर्वाद आहेतच.

आक्का

*

८ एप्रिल

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी इथंही पाऊस झाला. छत्री घेऊन गेलो. पाळणाघराच्या पत्र्यांतून धारा लागल्या होत्या, रुपालीनं खाली पातेली मांडली होती. आणि आक्का, मुलं होती. पुष्कळ होती. एका पातेल्यात साईनाथ कागदाची होडी सोडत होता.

रुपाली म्हणाली, आयांनी आपापसात ठरवून कधीच पाठवायला सुरुवात केली. तुम्ही आला नाहीत म्हणून तुम्हाला सांगायचं राहिलं. उत्कर्षा शाळेत जाते, तिची वार्षिक परीक्षा चालू आहे.

निधीतून पत्रे बदलायचं ठरलंय, पण त्याला वेळ लागेल. रुपालीनं विचारलं, तो फ्लेक्स टाकलात का? मजबूत होता, छताला आतून ताणला तर गळणार नाही. तो मी गोठ्यात शेणाच्या गोवऱ्यांमागं लपवला होता. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.

आम्रपालीची त्या दिवशी सुट्टी होती. ती कात्री घेऊन बसली. मुलांचे फोटो एकेक करून कापले आणि ज्या त्या आईला नेऊन दिले. मग मधली अक्षरं कापली. उरलेल्या तुकड्यात हात जोडलेला मी तेवढा राहिलो. मी म्हटलं, तोही कापा, किंवा उलटा तरी लावा. ती म्हणाली, कशाला, चांगला जाड कागद आहे, वाया कशाला घालवायचा? माझ्याकडं न बघता म्हणाली, पण हसली असावी.

आता दुपारी मुलं सतरंजीवर उताणी झोपतात आणि त्यांना छताला मी दिसतो. मला वर बघवत नाही. काल मी तिथं डाळ पोचवायला गेलो तेव्हा साईनाथ जागाच होता. त्यानं वर बोट दाखवून रुपालीला विचारलं, हा काका कुणाला हात जोडतोय?

तुझीच शंका होती ती, आक्का.

रुपाली म्हणाली, तुम्हाला. आता झोप.

धाकट्याला पदराखाली असू दे.

तुझा,
जयसिंग