न उडालेली गोळी

डेटन, ओहायो
२ डिसेंबर १९८४

चि. वर्लिन यास नेड्राताईचे अनेक आशीर्वाद आणि सोबत एक चापटी.

छपरावरून मार्चमध्ये पडलास आणि मला ते नोव्हेंबरात कळतं, तेही तुझ्याकडून नाही, तुझ्या शेजारणीकडून, आर्डिथकडून! तीन आठवडे बरगड्या बांधून हिंडत होतास म्हणे. आणि मला काय लिहीत होतास, तर तब्येत ठणठणीत आहे, कोबीची रोपं लावलीत. मेल्या, लाज कशी वाटत नाही तुला?

खाणीत तुझा डावा खांदा गेला तेव्हापासून सांगतेय, त्या डोंगरात एकटा राहू नकोस. इथे मागची खोली रिकामी पडली आहे. पण तू कुणाचं ऐकशील तर शपथ. आता म्हणतोस, लांब बंदूक पेलत नाही तर काय झालं, बाबांचं ठासणीचं पिस्तूल एका हातानं चालवतो आणि त्यानंच हरीण मारून दाखवतो. बरं तर, तुझी पैज मान्य. या हंगामात हरीण मारलंस तर मी पुन्हा डेटनचं नाव काढणार नाही. नाही मारलंस तर घर विकायचं आणि नाताळाला ट्रंक घेऊन माझ्या दारात उभं राहायचं. मग कुरकुर चालणार नाही.

लोकरीचे मोजे पाठवलेत. पायात घाल, कपाटात ठेवू नकोस.

रागावले असले तरी ताईच आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
नेड्राताई


क्रेन क्रीक, केंटकी
८ डिसेंबर १९८४

ती. नेड्राताईस धाकट्याचा सा. नमस्कार, वि. वि.

आज सकाळी मी आर्डिथच्या दिशेनं पिस्तुलाचा चाप ओढला. ती जिवंत आहे, तिला ओरखडासुद्धा नाही. आधी एवढं वाच, पाणी पी, मग पुढचं वाच.

ओसरीवर पिस्तूल भरत होतो आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. बाबांची रीत तुला ठाऊकच आहे. आधी दारू मापून ओतायची, मग कापडाच्या चकतीत शिशाची गोळी बसवून गजानं ठासायची, आणि गजावरची खाच नळीच्या तोंडाशी आली का ते बघायचं. खाच आत बुडाली तर खाली दारूच नाही. आज खाच पार आत गेली. मी बघितलंही, पण तुला सडेतोड उत्तर देण्यात इतका रंगलो होतो की डोक्यात काही शिरलंच नाही.

ओढ्याच्या वळणावर पंचवीस पावलांवर मोठा नर आला. पिस्तूल गुडघ्यावर टेकवलं, घोडा चढवला, चाप ओढला. नुसतं टिच्च! घोड्याखालची ठिणगी पाडणारी केप फुटली, पण गोळी जागची हलली नाही. हरीण उधळलं, आणि त्याच्या मागच्या झुडपातून आर्डिथ उठून उभी राहिली! अंगात तपकिरी कोट, शिकाऱ्याला माणूस ओळखू यावा म्हणून हंगामात घालतात ती नारिंगी बंडी नाही की काही नाही. चर्च सजवायला देवदाराच्या डहाळ्या तोडत होती. सकाळी सकाळी टाळी कुणी वाजवली, असं तिनं विचारलं. मी ओल्या पानांत तसाच बसलो.

हरणाकडे बघायच्या आधी हरणामागे बघ, असं बाबा किती वेळा सांगायचे. मी शिंगंच बघत बसलो. तिला तिथल्या तिथे सगळं सांगितलं. तिनं दहा मिनिटं माझी अशी काही हजेरी घेतली की झाडावरचे कावळे उडाले. मग हात धरून उठवलं, घरी नेऊन कॉफी पाजली. तिच्यासमोरच रडलो गं मी.

दुपारी केपेखालच्या भोकातून चिमूट चिमूट दारू आत सरकवली आणि ती गोळी एका कुजक्या बुंध्यात सोडली. सुरीनं कोरून काढली, ती सोबत पाठवतोय. हंगाम पुढच्या शनिवारपर्यंत आहे, पण मी हरलो. ट्रंक माळ्यावरून खाली काढली आहे.

अपराध मोठा आहे, पोटात घाल.

तुझा,
वर्लिन


डेटन
११ डिसेंबर १९८४

चि. वर्लिन यास अनेक आशीर्वाद. या वेळी चापटी नाही.

लिफाफा फोडला तर गोळी टेबलावर गडगडली. पत्र संपेपर्यंत मी उभीच होते. मग खुर्चीत बसून ढसाढसा रडले आणि रडता रडता हसायला लागले. आमच्या ह्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. ती गोळी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. येता जाता हात लावते आणि हुश्श म्हणते.

ट्रंक परत माळ्यावर टाक. पैज मी मोडली. तुझ्या खांद्याची मला कधीच भीती नव्हती रे. तू पडशील आणि सांगणार नाहीस, याची होती. बरगड्यांचं तू आठ महिने लपवलंस. आणि ही एवढी मोठी नामुष्की आर्डिथला तिथेच सांगितलीस, मला त्याच दिवशी लिहिलीस. असा माणूस खुशाल एकटा राहू दे. शिवाय हजेरी घ्यायला आर्डिथ आहेच!

तिच्यासाठी नारिंगी रुमाल पाठवतेय. डोक्याला बांधल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणावं. नाताळाला दोघंही या, पोटभर जेवा आणि आपापल्या घरी परत जा.

तुमची दोघांची,
नेड्राताई


क्रेन क्रीक
१६ डिसेंबर १९८४

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

काल हंगामाचा शेवटचा दिवस. दारू दोनदा मापली, खाच तीनदा बघितली. तोच नर पुन्हा आला. या वेळी आधी त्याच्यामागे बघितलं. कुठे नारिंगी दिसतंय का, म्हणून एकेक झुडूप न्याहाळलं. कुणी नव्हतं. पण माझं बघून होईपर्यंत स्वारी ओढा ओलांडून पसार झाली होती. मी घोडा हलकेच खाली घेतला आणि एकटाच हसत बसलो. किती दिवसांनी इतकं मोकळं वाटलं!

रात्री आर्डिथकडे जेवलो. तिनं मागच्या महिन्यात लांब बंदुकीनं मारलेल्या हरणाची मांडी होती. दोन हातांनी मारलेलं असल्यामुळे मऊ लागतं, असं म्हणून वरून चिडवलं मला. रुमाल घरातही बांधून बसली होती. नाताळाला येतो आम्ही.

आणि हो, आज सकाळी शिडीवरून दोन पायऱ्या घसरलो. गुडघा खरचटलाय, बाकी काही नाही. आर्डिथ कळवायच्या आत मीच कळवतोय.

तुझा,
वर्लिन