सूनबाईसाठी केलेले गुन्हे

४ जानेवारी
माझा गुडघा बरा. मुलाचा खोकला गेला. नातीचा एक दात पडला, दुसरा हलतोय. सूनबाईचं मात्र ठीक नाही — वकिलीच्या सनदेच्या परीक्षेत दोनदा नापास, आता तिसरी खेप. काल जेवताना मुलगा माझ्यादेखत म्हणाला, "ही शेवटची. नाहीतर पुन्हा औषधाच्या दुकानात नोकरीला." ती "बरं" म्हणाली आणि भात चिवडत बसली.

५ जानेवारी
पुस्तक डोळ्यांसमोर धरून घोकते. मिटलं की सगळं पुसलं. मी शाळेत चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिवणाच्या मशीनवर शिकले, उसवून उसवून. हिच्याही हाताला काहीतरी लागायला हवं.

७ जानेवारी
शेजारच्या कंपाउंडरभाऊजींच्या दारातलं वर्तमानपत्र उचललं, वाचलं, घडी घालून परत ठेवलं. मग हिला विचारलं, गुन्हा कोणता? "अहो आई!" मग म्हणते, परत ठेवलंत तरी चोरीच, हेतू लबाडीचा. म्हटलं, लिही.

११ जानेवारी
नातीच्या प्रगतिपुस्तकावर मुलाची सही ठोकली. बनावट दस्तऐवज. काल जाऊबाईंना फोनवर धमकी — कात्री परत कर, नाहीतर बघ. या वयात एवढी पापं करायला मिळतील असं वाटलं नव्हतं. सूनबाई म्हणते, आता प्रत्येक कलमाला तुमचा चेहरा दिसतो.

२० जानेवारी
भाऊजी परगावी, कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. चार टोमॅटो तोडले. विश्वासघात. ते नेमके आज परतले आणि दारात उभे. "दहा होते." तेवढ्यात ही पुढे झाली — एरवी पाहुण्यांपुढे पाणी ठेवून आत पळणारी. "काका, जाताना मोजले होते? कोणासमोर?" भाऊजी आणखी दोन देऊन गेले.

२८ फेब्रुवारी
पेपर झाला. चेहऱ्यावरून काही कळू देत नाही.

१९ मार्च
नापास. दोन गुणांनी.
जेवताना मुलगा हळूच म्हणाला, "आपलं ठरलं होतं."
"कुठे लिहिलंय?" हिने वाढता वाढता विचारलं, आवाज न चढवता. "साक्षीदार कोण?"
"आई होती ना. आई, सांग हिला."
मी म्हटलं, मी तेव्हा मशीनवर होते, त्या खडखडाटात काय ऐकू येणार?
हा गुन्हा कोणता, ते आज तिला विचारलं नाही.