पोहण्याच्या पोशाखाला झालर

आदरणीय वन्संना,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तितकाच वाकून). तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे बरे आहोत, आणि तेवढंच सांगायला हे लांबण लावते आहे.

तुमच्या भाचीने तीन आठवडे झाले पोहणं सोडलं आहे. दोष माझ्या शिलाईचा. पोट झाकलं जावं म्हणून मी तिच्या पोशाखाला दुहेरी झालर लावली. (माझ्या झालरींची गिऱ्हाइकं तारीफ करतात, पण ती पाण्यात उतरत नाहीत.) पोरगी तलावात शिरली आणि हवा भरून झालर उघड्या छत्रीसारखी वर आली. बाकीच्या मुली खिदळल्या. मी मात्र काठावर बसून बघतच राहिले, वन्सं. निळं पाणी, छतावर हलणारा उजेड आणि मधोमध ती, मोठं संथ फूल उमलावं तशी. मी कुठे आहे हेच विसरले. बाहेर येऊन तिने एवढंच विचारलं, "आई, तुला माझी लाज वाटते का गं?"

उत्तर द्यायचं सोडून मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या अंगाने भरलेल्या पण धडधाकट मुलांचा अभ्यास करतात. आईबापांचंही रक्त घेतात. बाईंनी कमरेला टेप लावली (जरा वरच लावली, आम्हा शिवणाऱ्यांना लगेच कळतं). पोरीचा रक्तदाब, साखर, चरबी, सगळं उत्तम! मी नाक मुरडून म्हटलं, "बांधा आत्याचा हो, आमच्याकडे सगळे काटकुळे." बाई हसल्या. "मग हे चांगले आकडेही थोडे आत्याचेच असतील. पण नुसत्या रक्तावर भागत नाही. खाणं, झोप, खेळ हे घरातून येतं. आज ठीक आहे ते कायम राहीलच असं नाही. पोहणं तेवढं सुटू देऊ नका."

घरी येताना पोरीला सांगून टाकलं, "हो, वाटत होती लाज. चुकलं माझं." ती म्हणाली, "ठाऊक होतं मला."

तुमची,
वहिनी

ता. क. साखर वाढलेली निघाली ती माझी. हो, या काडीपैलवानाची. तुमच्या भावाला अजून सांगितलेलं नाही.

पुन्हा ता. क. पोरगी म्हणते, आत्या पाण्यात उतरली तरच मी उतरेन. रविवारी सकाळी याच.

शेवटचा ता. क. आईनेही उतरायचं, अशी तिची दुसरी अट आहे. मला पोहता येत नाही, वन्सं. लग्न ठरताना येतं म्हणाले होते, ते खोटं होतं. पाण्यात मला धराल ना?