चढाई तिची, खुर्ची माझी

बाई, एका कॉलेजच्या प्राचार्यांनी मला तिथल्या मुलींच्या कबड्डी संघाची प्रशिक्षक व्हा म्हणून गळ घातली, तेव्हापासून मला तुमच्याशी बोलायचं आहे. खेळणं सोडून आता बरीच वर्षं झाली. खेळाडू म्हणून मिळालेली सरकारी नोकरी आहे, नाशिकरोडला खिडकीजवळची खुर्ची आहे, आणि अजूनही एखादी बाई आपल्या लेकीला पुढे करून "ताई, हिच्यासोबत एक फोटो" म्हणते. हे सगळं सोडून रोज सकाळ-संध्याकाळ मैदानावर जायचं, आणि तेही दुसऱ्या कुणी खेळावं म्हणून. प्राचार्य म्हणाले, "तुमचं नाव लागलं की मुली आपोआप येतील." त्यांच्या टेबलावर प्रवेशाच्या फलकाचा नमुना तयारच होता. त्यावर माझा फोटो, तोही मी बारीक होते तेव्हाचा. मी म्हटलं, आधी महिनाभर रजा काढून बघते, मग सांगते.

घरी दादाला विचारलं. तो मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तू लय भारी खेळली, त्यात वाद नाय. पण ज्याला आपसूक जमतं ना, त्याला दुसऱ्याला शिकवता येत नाय. तुझ्या बाई कुठं एवढ्या खेळल्या व्हत्या? आन् हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागती?" मला राग आला. दादाचं बोलणं खोटं असतं तर आला नसता. तुम्ही स्वतःच हसत सांगायचात की जिल्ह्याच्या संघात एक हंगाम राखीव होतात आणि त्या हंगामात बाकावर कसं बसावं ते पक्कं शिकलात. आम्ही पोरी त्यावर खिदळायचो. मी तर जरा जास्तच, कारण मला बाक माहीतच नव्हता.

तुमच्या पंचवटीतल्या दोन खोल्या आठवतात. शनिवारची शाळा सुटली आहे, आम्ही सगळ्या तुमच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभ्या आहोत. तुम्ही ओट्यावर सात वाट्या पालथ्या मांडता, मधे मिठाची रेघ ओढता आणि एक फुलपात्र अलीकडे ठेवता. फुलपात्र म्हणजे चढाई करणारी. आदल्याच दिवशी मी एका चढाईत तिघींना बाद करून आले आहे आणि माझे पाय जमिनीवर नाहीत. मी विचारते, "बाई, हे फुलपात्र म्हणजे मीच ना?" तुम्ही म्हणता, "नाही. तू आज यात नाहीसच. तू फक्त सांग, ही डाव्या कोपऱ्यातली वाटी आत्ता काय बघत असेल?" मी म्हणते, "वाटी काय बघणार, बाई?" सगळ्या हसतात. तुम्ही हसत नाही. "म्हणून पुढचे पंधरा दिवस तू कोपऱ्यात उभं राहायचं. चढाई बंद." मला इतकं लागलं होतं ते! रडू येऊ नये म्हणून मी भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर असा काही हात मारला की तुम्हाला परत पीठ मळावं लागलं. रागाच्या भरात मुलगी निदान जेवते तरी, असं तुम्ही शेजारच्या काकूंना सांगितलंत, तेही मी ऐकलं.

आता या महिन्याचं सांगते. पहिला आठवडा मी जे केलं त्याला शिकवणं म्हणायचं की जत्रेतला खेळ, तुम्हीच ठरवा. मी पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधायची आणि त्या मुलींवर चढाई करून जायची. गुडघा कुरकुरतो, पण माझी ती मागची लाथ अजून बसते. मुली बाद व्हायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. मोबाइलवर चित्रण करायच्या. एक मुलगी मात्र टाळ्या वाजवायची नाही. सुरगाण्याकडची आहे, इथे वसतिगृहात राहते, अंगाने किरकोळ पण पाय वाऱ्यासारखे. तिने विचारलं, "मॅडम, हे कसं केलं?" मी म्हटलं, "हे बघ, असं." आणि पुन्हा करून दाखवलं. ती म्हणाली, "हां, पण कसं?" बाई, मी तिसऱ्यांदा तेच करून दाखवलं. दादाचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि त्याचा अजून राग आला.

मग देवळाली कॅम्पला सराव सामना होता. मैदानाच्या कडेला फौजींच्या घरची मंडळी, पोरंटोरं, चांगली गर्दी. शेवटची चढाई आणि गुण बरोबरीत. सुरगाण्याची मुलगी गेली. ती उजवीकडे बघत होती आणि डावीकडून दोघींनी हात धरून साखळी केली. मला ती साखळी दिसली, आणि मी खुर्चीतून उठून ओरडले, "मागे बघ! साखळी आली!" शिट्टी वाजली. चढाई चालू असताना आपल्याच माणसाने सावध केलं तर गुण समोरच्यांना जातो, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? शाळेपासून माहीत आहे. पण मी खुर्चीत नव्हतेच ना, मी तिच्या जागी मध्यरेषेच्या पलीकडे होते. सामना गेला. पंच माझ्या ओळखीचे, त्यांनी हळूच म्हटलं, "मॅडम, आता तुम्ही खेळत नाही."

परतीच्या बसमध्ये मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "चूक माझी झाली." ती खिडकीबाहेर बघत होती. द्वारकेच्या चौकात बस नेहमीसारखी अडकली, तेव्हा म्हणाली, "मॅडम, माला दिसलेली ती साखळी. मी मुद्दामच तिकडं बघत नव्हते. त्या जवळ आल्या असत्या ना, तर मी खालून निघाले असते." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला दिसतं, आणि मला दिसतं त्याहून निराळं दिसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमची चढाई सुरू झाली की तुम्ही तोंडात बडीशेप धरून गप्प बसायचात. मला वाटायचं, बाईंना काही वाटतच नाही. आता त्या खुर्चीत बसल्यावर कळलं की गप्प बसायला काय लागतं.

दुसऱ्या दिवशी मी ओढणी कमरेला बांधली नाही. मुलींना मातीत गोल बसवलं आणि एकेकीला विचारत गेले, तुला तिथून काय दिसतं? आधी सगळ्या लाजल्या. मग अशा सुटल्या की सराव राहिला बाजूला आणि भांडणंच सुरू झाली. सुरगाण्याच्या मुलीने साखळीखालून कसं निघायचं ते करून दाखवलं, आणि "पण कसं?" हा प्रश्न तिला मी विचारला. तिलाही सांगता येईना. आम्ही दोघी मिळून शोधत बसलो. खांदा आधी खाली जातो, पाय नंतर, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडलं. माझ्या त्या लाथेचंही तसंच हळूहळू सापडतं आहे. इतकी वर्षं मारली, पण मारण्याआधी मी श्वास धरते हे मला आत्ता कळलं.

गेल्या आठवड्यात आमच्याच मैदानावर सामना झाला. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. ती गेली, त्यांनी साखळी केली, तिने येऊ दिली, आणि खालून अशी निघाली की समोरच्या दोघी एकमेकींच्याच गळ्यात पडल्या. जिंकलो आम्ही. संध्याकाळी मी प्राचार्यांना हो म्हणून सांगितलं. फलकावर माझ्याऐवजी मुलींचा फोटो लावा म्हटलं, त्यावर ते अजून विचार करताहेत. दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग ठरवलंच हाय तर सकाळच्याला पोरींना मळ्यातली काकडी-गाजरं घेऊन जात जा." याहून मोठा आशीर्वाद तो देत नाही, तुम्हाला माहीत आहे.

हे पत्र कुठे टाकणार, आणि कशाला? पण एक गोष्ट दादाजवळ बोलता आली नाही. ती सुटून मध्यरेषेला टेकली ना, बाई, तेव्हा आनंद आधी नाही आला. आधी हेवा वाटला, चांगला कडकडून, ती टाळी माझी होती असा. मग आनंद आला आणि तो इतका आला की मी खुर्ची पाडली. तुम्हालाही माझ्या बाबतीत असं होत होतं का? वाट्या मांडताना, मला कोपऱ्यात उभं करताना, मी जिंकून आले की पाठीवर हात ठेवताना? तुम्ही आज असतात तर हे विचारायची माझी छाती झाली नसती.